झिप्रीचं तिसरं वेत

सोमवार, १४ नोव्हेंबर
दुपारचे दोन

प्रिय छोट्या,

मागच्या पायरीवर आपण तिघं बसायचो, ते तुला आठवतं का? बाबा मधे, आणि त्यांच्या गुडघ्यावर ते जिथे तिकीटमास्तर होते त्या धक्क्यावरच्या खिडकीतून आणलेला जांभळ्या शाईचा पॅड. तुझं काम पिल्लू धरायचं. बाबांचं काम त्याचा उजवा पंजा आधी शाईवर आणि मग वहीवर दाबायचं. माझं काम खाली लिहायचं: तारीख, आई, बाप, रंग. शेवटी 'पाहिले' आणि माझी सही. तू पिल्लू इतकं आवळून धरायचास, की एकदा ते तुझ्या शाळेच्या चड्डीवरच मुतलं. तू भोकाड पसरलंस, तर बाबा म्हणाले, "रडतोस काय? त्यानेही सही केली." पुढचा आठवडाभर तू जांभळी बोटं घेऊन शाळेत जात होतास.

मी बरी आहे. गुडघे आपल्या मतानं चालतात, मी माझ्या. भोपळीही बरी आहे. काल तिनं तळ्यातून कुणाची तरी प्लास्टिकची खुर्ची दातांत धरून ओढत काठाला आणली आणि दिवसभर तिच्याशेजारी राखणदारासारखी बसून राहिली. तुझ्या सूनबाईला दिवस गेल्याचं कळलं, आनंद झाला. तिला आंबट खावंसं वाटत असेल तर खाऊ दे, उगाच डॉक्टरकी करू नकोस.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. 'लाडक्या ताईस' असं वाचलं, तेव्हा आधी चष्मा पुसला आणि मग पाकीट उलटंसुलटं करून पत्ता माझाच आहे ना ते बघितलं. चार वर्षांत तुझा एक फोन नाही. चार वर्षांपूर्वी छातीवर पांढरा ठिपका आहे म्हणून तू भोपळीला कायमचं झोपवायचं इंजेक्शन द्यायला निघाला होतास आणि मी तिला भाजीच्या पिशवीत घालून घेऊन आले, तेव्हापासून आपण बोललो नाही. आणि आता दोन पानं भरून माया. छोट्या, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलंय. तू ताकाला आलास की भांडं कुठे लपवतोस, ते मला ठाऊक आहे.

भांडं दुसऱ्या पानाच्या तळाशी सापडलं. केनेल क्लब आपल्या पाणकुत्र्यांना वेगळी जात म्हणून मान्यता द्यायला तयार आहे, त्यांचा माणूस पंचवीस तारखेला तुझ्याकडे तपासणीला येणार, आणि त्याआधी तुला बाबांच्या तिन्ही वह्या हव्या आहेत. 'दुसरी वही विशेष जपून पाठव.'

दुसरीच का रे?

बाबा गेल्यापासून वह्या माझ्या कपाटात आहेत. तू त्या कधी मागितल्या नाहीस, उघडल्याचंही मला आठवत नाही. तीन सारख्याच निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या, त्यातली दुसरीच तुला जपून हवी. शुक्रवारपासून हा प्रश्न माझ्या डोक्यात माशीसारखा घोंघावतोय.

आणि ते गोड बोलणारे गृहस्थ? क्लबचेच ना? मागच्या महिन्यात आले होते. 'सहज इकडून जात होतो' म्हणाले. आमची गल्ली पुढे बंद आहे, इथून सहज कुणी कुठे जात नाही. बूट आरशासारखे. भोपळीची उंची त्यांनी घडीच्या काठीनं मोजली, तिच्या बोटांमधला पडदा ताणून बघितला, छातीवरचा ठिपका बघून 'अरेरे' म्हणाले, जणू कुणी गेलंच आहे. मग वह्या दाखवा म्हणाले. मी दाखवल्या. चहा टाकायला आत गेले आणि बाहेर येऊन बघते तर दुसरी वही उलटी ठेवलेली. मी वह्यांची पाठ नेहमी भिंतीकडे करते, तुला माहीत आहे, शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली शिस्त. आणि त्यांचा मोबाइल टेबलावर, कॅमेऱ्याचा डोळा वर.

"या वेतापासून अक्षर जरा थरथरल्यासारखं वाटतं, नाही?" त्यांनी विचारलं.

"थंडी असेल," मी म्हटलं.

त्यांनी तारीख वाचली. एप्रिलची होती. मग चहा प्यायले. चहा बरा झाला होता, हेही सांगते, म्हणजे मी त्यांच्यावर आकसानं लिहितेय असं तुला वाटायला नको.

त्यांना तू पाठवलं होतंस का?

आता मी तुझ्या बाजूनं दोन शब्द लिहिते, हसू नकोस. मान्यता मिळायला हवी, असं मलाही वाटतं. होड्यांना इंजिनं आली, जाळी ओढायला कुत्रं कुणाला लागत नाही. बाजारात कुठलंही काळं पिल्लू पाणकुत्रं म्हणून खपवतात. मागच्या महिन्यात फाटकाशी एक बाई भेटल्या, हौसेनं घेतलेलं त्यांचं 'पाणकुत्रं' बादलीला घाबरत होतं. जनावरांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी मोजदाद केली, तळ्याच्या दोन्ही काठांवर मिळून खरी त्रेचाळीस उरलीत. क्लबच्या पुस्तकात नाव चढलं तर चार माणसं शोधत येतील, जपतील, तपासण्या करतील, नोंदी ठेवतील. नाहीतर दहा वर्षांनी आपण नातवंडांना फोटो दाखवू. हे तू लिहिलंस ते सगळं खरं आहे.

पण नावाडीकाकांची नात परवा तुझ्या अर्जाची प्रत घेऊन आली. ती शाळेची गाडी चालवते, हे तुला ठाऊक असेलच. गाडी फाटकाशी उभी करून, हॉर्न न वाजवता आत आली, तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"आत्या, हे वाचा आणि मला सांगा की माझ्या समजण्यात चूक आहे."

चूक नव्हती. जातीचं वर्णन तू लिहिलं आहेस. 'छातीवर पांढरा रंग असल्यास बाद.' नावाडीकाकांच्या घरच्या नऊपैकी आठ कुत्र्यांच्या छातीवर पांढरं आहे. पिढ्यान्‌पिढ्या आहे. धुक्यात कुत्रं कुठे पोहतंय ते त्या पांढऱ्यावरून कळायचं, म्हणून जुन्या नावाड्यांना तेच आवडायचं. पुढचं कलम: 'चार पिढ्यांची लेखी वंशावळ आवश्यक.' काका अंगठेबहाद्दर, त्यांची वंशावळ त्यांच्या डोक्यात. तळ्याकाठच्या बाकी घरांकडेही कागद नाही. आणि शेवटचं: नोंदवही पहिल्या दिवसापासून बंद. आज जी आत शिरली तीच, पुढे बाहेरचं रक्त नाही. आत कोण उरलं? तुझी अकरा. फक्त तुझी.

"आजोबांना सांगितलंस?" मी तिला विचारलं.

"सांगितलं. ते म्हणाले, त्या घरच्या वहीत आपल्या कुत्र्याचं नाव एकदा लिहिलं होतं, तेवढ्यानं पोट भरलं."

मी तिला बसवलं, खायला दिलं. काका काय म्हणाले ते तिला समजलं नव्हतं. मला समजलं होतं.

डॉक्टरीणबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, अकरा कुत्र्यांवर दार लावून घेतलं तर वीस वर्षांत जी काय होईल ती जात नसेल, एकच कुत्रं पुन्हा पुन्हा जन्माला येत असेल. काकांच्या कुत्र्यांचंही बरं नाही. आपसातच वेतं होऊन गेल्या खेपेला पाचातली दोन पिल्लं बहिरी निघाली. तुझ्याकडे बहिरं एकही नाही, पण कंबरा बिघडायला लागल्यात. दोन्ही घरांना एकमेकांची गरज आहे, असं त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकदाही दोन्हीकडची कुत्री एकत्र का आणली नाहीत हो तुम्ही?" त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं. त्या इथे नवीन आहेत.

मी म्हटलं, "जुनी गोष्ट आहे." आणि गॅसवर काहीतरी असल्याचं सांगून फोन ठेवला. गॅसवर काही नव्हतं.

आता इथपर्यंत आलेच आहे. शाळेत ज्या मुली पापाची कबुली द्यायला रांगेत उभ्या राहायच्या, त्यांत मी कधी नव्हते. आपल्या घरचा तो धर्म नव्हे. पण बाकावर बसून बघायचे. एक गोष्ट लक्षात आली होती. ज्या मुली आत शिरताना फार बोलत, त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नसे. आणि जी खरी असे ती दारापर्यंत जाऊन तीनदा परत येई. हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे.

मी सतरा वर्षांची होते, तू सात. परीक्षेआधीची सुट्टी. बाबांची पंधरा दिवस पैलतीराच्या खिडकीवर पाळी होती, आई दुपारची शिवणवर्गाला जायची. झिप्री माजावर आली होती, म्हणून बाबांनी तिला मागच्या सरपणाच्या खोलीत ठेवून मला बजावलं होतं: गुरुवारी नावाडीकाका त्यांचा कुत्रा, शिपाई, घेऊन येतील, तोवर तिथलं मागचं दार उघडायचं नाही.

मंगळवारी मी ते उघडलं. गल्लीत कुणीतरी उभं होतं. कोण, ते आता महत्त्वाचं नाही. त्यानं एक चिठ्ठी आणली होती आणि ती मी दारातच वाचत राहिले, दोनदा. ज्याच्यासाठी दार उघडलं, तो पुढच्याच वर्षी नोकरीसाठी गेला आणि त्याचं अक्षरही आता मला आठवत नाही. झिप्री माझ्या पायांमधून निसटली.

बर्फाच्या कारखान्यातला पिवळा कुत्रा तुला आठवतो? कान फाटलेला? मी दोन बादल्या पाणी ओतलं. काही उपयोग झाला नाही. तू खिडकीच्या कट्ट्यावर पेरू खात बसला होतास, आणि ओरडलास, "ताई, झिप्रीला दोन्हीकडून तोंड आलंय!"

मी तुला लिंबाची गोळी दिली. म्हटलं, ते खेळतायत, बाबांना सांगितलंस तर खेळ बंद. तू गोळी गालात धरलीस आणि मान हलवलीस.

गुरुवारी काका शिपाईला घेऊन आले. झिप्रीनं त्याला जवळ येऊ दिलं नाही, चावायला धावली. काका हसले, "आज बाईसाहेबांचं मन नाही. हरकत नाही, पुढच्या खेपेला," आणि त्याला घेऊन गेले.

बाबा रविवारी आले. "शिपाईचं झालं ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झालं.

एप्रिलात झिप्री दुपारचीच व्याली. सात पिल्लं. पाच काळी, बोटांमध्ये पडदा. दोन पिवळट, बोटं मोकळी. ती दोन मी शाळेच्या दप्तरात घातली आणि धावत शाळेतल्या माळीबुवांकडे नेली. फाटकातच सिस्टर भेटल्या. दप्तरातून आवाज येत होता. त्यांनी आत डोकावून बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाल्या, "दूध कोमट द्यायला सांग." आयुष्यात मला कुणी इतकं कमी रागावलं नसेल, आणि इतकं लागलंही नसेल.

संध्याकाळी पायरीवर बाबांनी पॅड उघडला. पाचच? पाचच. तू पिल्लू धरलंस. मी लिहिलं: झिप्रीचं तिसरं वेत. बाप: शिपाई. पाहिले.

पाहिलं तेवढंच लिहायचं, हा बाबांचा एकच नियम. मी पाहिलं होतं एक आणि लिहिलं भलतंच.

पुढचं तुला माहीत नाही, की माहीत आहे? महिन्याभरानं बाबा काकांना बोलावून म्हणाले, "या, तुमच्या शिपाईच्या वाट्याचं पिल्लू निवडा." आणि वहीतली ओळ वाचून दाखवली. काकांनी पिल्लू हातात घेतलं आणि परत टोपलीत ठेवलं.

"मास्तर, हे माझ्या कुत्र्याचं नाही. ती त्याच्यापाशी गेलीच नाही. जे त्याचं नाही ते मी कसं घेऊ?"

"वहीत लिहिलंय."

"वहीला विचारा मग. मी दारात होतो."

बाबा उठले. मी दाराआड होते. बाबांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही. ते म्हणाले, "माझी मुलगी पाहिल्याशिवाय लिहीत नाही."

मी तेव्हा बाहेर यायला हवं होतं. चार पावलं होती फक्त.

काका पुन्हा आपल्या पायरीवर आले नाहीत. बाबा त्यांच्या होडीतून पुन्हा गेले नाहीत. दुसऱ्या होडीसाठी ताटकळत बसायचे. दोन्ही घरची कुत्री तेव्हापासून वेगळी. त्या पाचांतली काजळ आठवते ना? तुझी अकराच्या अकरा तिची आहेत. तू ज्यांना 'सर्वांत शुद्ध रेषा' म्हणतोस, ती बर्फाच्या कारखान्यातून आलेली आहे, छोट्या. आणि ज्यांना तू छातीवरच्या पांढऱ्यासाठी बाद केलंस, ती जुनी.

चोराच्या मनात चांदणं असतं, तेव्हा माझा संशय तू तसाच घे. पण तो मला विचारायचाच आहे. तुला आठवतं का? तू सात वर्षांचा होतास. आठवत नसेल, तर दुसरी वही जपून का? काकांची कुत्री अर्जाबाहेर का? 'रक्ताची तुलना-चाचणी अनावश्यक' हे कलम तुझ्या अर्जात कुणाच्या सांगण्यावरून आलं? आणि आठवत असेल, तर सत्तेचाळीस वर्षं तू माझ्यासाठी गप्प बसलास की स्वतःसाठी? पहिलं असेल तर मी तुझी ऋणी आहे. दुसरं असेल तरी तुला शिकवणारी मीच. एका गोळीत शिकवलं.

अजून एक सांगायचं राहिलं. शुक्रवारी मी ते पान पहिल्यांदाच भिंगाखाली धरलं. माझ्या 'पाहिले'च्या शेजारी पेन्सिलनं, बाबांच्या त्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलंय: 'हिच्या पोरांचे कान शाबूत.' म्हणजे एकही बहिरं नाही. तारीख नाही. हे रक्त बाहेरचं, हे बाबांना कळलं होतं का? कळूनही ते काकांकडे गेले नाहीत, ते माझ्यासाठी? की त्यांनी फक्त कान तपासले आणि जे पाहिलं ते लिहिलं? मला संशय आहे. तो आता माझ्याबरोबरच राहील, विचारणार कुणाला?

आज सकाळी मी काकांकडे जाऊन आले. ब्याऐंशी वर्षांचे आहेत, ओट्यावर जाळं घेऊन बसले होते, विणत नव्हते, नुसतं मांडीवर घेऊन. सगळं सांगितलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मास्तरला तेव्हा सांगितलं असतंस, तर तो संध्याकाळी माझ्या होडीत बसायला आला असता." एवढंच. मी घरी येईपर्यंत रडले नाही, आणि घरी येऊनही नाही. भोपळीचं खाणं केलं आणि पत्र लिहायला बसले.

मान्यता घे, छोट्या. पण नोंदवही दहा वर्षं उघडी ठेवून घे. डॉक्टरीणबाई म्हणतात, पाळणाऱ्यांच्या संघटनेनं मागितलं तर क्लब देतो. पांढऱ्याचं कलम काढ, रक्ताची तपासणी दोन्ही घरची करून घे. त्यात पिवळा निघेल. निघू दे. तुझ्या कुत्र्यांचे कान त्यानंच राखले.

तू हे वाचून तडक निघशील, दारात 'ताई' म्हणशील, आणि मी विरघळेन. माझा तुझ्यावर भरवसा नाही, तसा माझ्यावरही नाही. म्हणून हे पत्र टाकायच्या आधीच, काकांकडून येतानाच, सगळं ज्याचं त्याला पोचतं केलं आहे. ते असं:

पहिली आणि तिसरी वही तुला, या पत्राबरोबर.

दुसरी वही डॉक्टरीणबाईंकडे, तपासणीपुरती नाही, कायमची. त्या पानावर मी जुन्या ओळीखाली आजची तारीख घालून लिहिलं आहे: 'बाप शिपाई नव्हे. बर्फाच्या कारखान्यातला पिवळा. वेत सातांचं. पाहिले.' जुनी ओळ खोडली नाही. त्या पानाची एक प्रत क्लबला टपालानं गेली. चकचकीत बुटांच्या गृहस्थांनी फोटो काढलाच असेल, तर त्यांना आता पूर्ण पान मिळेल.

बाबांचा शाईचा पॅड आणि एक कोरी निळी वही काकांच्या नातीला. आजोबांच्या डोक्यातली वंशावळ ती लिहून घेणार आहे. दर रविवारी मी तिच्या शेजारी बसणार, पण लिहिणार ती.

भोपळी माझ्याकडेच राहील. माझ्यामागे ती तुझी. ठिपक्यासकट.

आणि लिंबाच्या गोळ्यांचं पाकीट सोबत आहे. ते सगळं तुझ्या एकट्याचं. खा, आणि वाटेल त्याला वाटेल ते सांग.

चार पावलं उशिरा दाराबाहेर आलेली,
तुझी ताई